'जलसेतू' नेमका कशाला म्हणावा?

प्रश्न : दक्षिण फ्रान्समधील 'पाँ द्यु गार' या रोमन बांधकामाला मराठीत कोणी जलवाहिनी म्हणतात, तर कोणी जलसेतू. यांपैकी कोणता शब्द वापरावा?

उत्तर : येथे वस्तू दोन आहेत आणि घोळ तिथेच होतो. उझेसजवळच्या झऱ्याचे पाणी नीम शहरात आणण्यासाठी रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात सुमारे ५० किलोमीटर लांबीचा बांधीव मार्ग काढला. त्याचा बहुतेक भाग जमिनीखालून जातो, आणि गार्दों नदीचे खोरे तो ज्या तीनमजली, सुमारे ४९ मीटर उंच कमानींवरून ओलांडतो, तेवढ्याच भागाचे नाव पाँ द्यु गार आहे. 'जलसेतू' हा शब्द त्या कमानींपुरताच राखावा. आपल्या पाटबंधारे खात्यातही कालवा ओढ्यावरून पलीकडे नेणाऱ्या बांधकामालाच जलसेतू म्हणतात, सबंध कालव्याला नव्हे.

मग सबंध मार्गाला काय म्हणावे? 'जलवाहिनी' मला पटत नाही, कारण तो शब्द वाचताच दाबाने पाणी नेणारा लोखंडी नळ डोळ्यांपुढे उभा राहतो. येथे पाणी केवळ उताराने वाहत असे, आणि तो उतार ५० किलोमीटरांत जेमतेम १२-१३ मीटर भरतो. कमानींच्या माथ्यावरची पन्हळ सुमारे १.२ मीटर रुंद, आतून माणूस चालत जाईल इतकी उंच आणि दगडी फरशांनी झाकलेली आहे; पाण्यातल्या चुन्याचे जाड थर तिच्या भिंतींवर आजही दिसतात. 'पाट' म्हणावे, तर पाट उघडा असतो.

म्हणून 'नहर' हा शब्द मला जवळचा वाटतो. हिंदीतल्या उघड्या कालव्याची आठवण त्याने होईल हे खरे. परंतु औरंगाबादेत सतराव्या शतकात मलिक अंबरने बांधवलेली नहर-ए-अंबरी जमिनीखालूनच शहरात पाणी आणत असे, त्यामुळे मराठवाड्यातील वाचकाला 'नीमची नहर' वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पुरवणी : प्रवासवर्णनांतील 'पूल' हा शब्दही सरसकट खोडू नये. १७४३ ते १७४७ या काळात खालच्या कमानींना लागून रस्त्याचा पूल खरोखरच बांधला गेला, आणि आज पर्यटक नदी ओलांडतात ती त्याच पुलावरून.