भाचीला सुईणीच्या कामात यायचं असेल तर
ताई, भाचीची 12वी झाली आहे, तिला बाळंतपणाच्या कामातच यायचं आहे आणि त्यासाठी काय शिकावं, हा तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. 'दवाखाने झाले, आता सुईण कशाला?' असं तुमच्या प्रश्नावर कुणी म्हटलंय, ते मला पटत नाही. मी धुळ्यात प्रसूती कक्षात परिचारिका आहे. कळा सुरू झाल्यापासून बाईजवळ आम्हीच असतो. बाळानंतर वार (प्लासेंटा) पडली की पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट झालंय का ते पाहायचं, पुन्हा पुन्हा पाहायचं. सैल लागलं तर लगेच चोळायचं आणि डॉक्टरांना हाक मारायची. रक्तस्राव थांबायची वाट बघत बसलं तर बाई हातची जाते.

रस्ता असा: एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) हे शिक्षण 2 वर्षांचं, कला शाखेच्या मुलींनाही चालतं. जीएनएम (नर्सिंग आणि प्रसूतीसेवेची पदविका) 3 वर्षं. बीएस्सी नर्सिंग 4 वर्षं, त्याला विज्ञान शाखा लागते. मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. जीएनएम किंवा बीएस्सीनंतर प्रसूतीचा अनुभव घेऊन 18 महिन्यांचं खास मिडवाइफरी (सुईणकामाचं) प्रशिक्षण करता येतं. केंद्र सरकारने 2018 मध्ये ते धोरण आणलं. झेपत असेल तर जीएनएमच करू द्या, पुढची दारं उघडी राहतात. कॉलेज निवडताना फी नंतर विचारा, आधी विचारा की मुलींना प्रत्यक्ष बाळंतपणं कुठे करायला मिळतात.

आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी भागात काम करायची इच्छा असेल तर तिने पावरी, भिली या तिथल्या बोली आतापासूनच कानावर पडू द्याव्यात. तिथे कळा देणारी बाई बहुतेकदा मराठीत बोलत नाही.