मदत हवी आहे: झिंक उत्प्रेरकाने पीएलएचा (पॉलिलॅक्टिक ॲसिड या पॉलिमरचा) रेणुभार निम्माच येतोय

टिनचा अंश अजिबात नको असल्याने टिन ऑक्टोएट हा उत्प्रेरक सोडून झिंक कॉम्प्लेक्सवर एल-लॅक्टाइडचं रिंग-ओपनिंग (वलय उघडून साखळी बनवणं) करतोय. लॅक्टाइड, झिंक, साखळी सुरू करणारं बेंझिल अल्कोहोल यांचं मोल-प्रमाण 200:1:1, सॉल्व्हंटशिवाय, 130 अंश सेल्सियस. एनएमआरनुसार रूपांतर 95 टक्के, म्हणजे एमएन (साखळ्यांच्या संख्येवरून काढलेला सरासरी रेणुभार) 27,000 च्या आसपास हवा. जीपीसीवर (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी क्रोमॅटोग्राफी) 13,000 मिळतो, डिस्पर्सिटी (साखळ्यांच्या लांबीतली तफावत) 1.7. पॉलिस्टायरीन स्टँडर्डसाठीचा 0.58 गुणक लावलेला आहे.

पहिला संशय पाण्यावर होता. लॅक्टाइड कोरड्या टोल्युइनमधून स्फटिकवून सब्लाइम केलं, अल्कोहोल मॉलिक्युलर सीव्हवर ठेवलं, वजनं ग्लोव्हबॉक्समध्येच घेतली. फरक नगण्य. तापमान उतरवलं की रूपांतर रखडतं.

नुसती साखळ्यांमधली ट्रान्सएस्टरिफिकेशन (साखळ्यांनी आपसात तुकडे बदलणं) असती तर डिस्पर्सिटी वाढली असती, एमएन इतका पडला नसता. म्हणून एकतर उरलेलं पाणी साखळ्या सुरू करतंय, नाहीतर चक्रीय रेणू तयार होताहेत. माल्डीने (पॉलिमरची मास स्पेक्ट्रोमेट्री) लगेच उलगडलं असतं, पण ते उपलब्ध नाही. प्रोटॉन एनएमआर आणि जीपीसी एवढंच आहे.

पाण्याने सुरू झालेल्या साखळीला बेंझिल टोक नसतं, म्हणून एनएमआरमध्ये 4.35 पीपीएमच्या साखळीच्या टोकाच्या सीएचची बेंझिलच्या 7.3 पीपीएमच्या शिखराशी तुलना करायचा विचार आहे, पण 200:1 ला दोन्ही फार क्षीण दिसतात, शिवाय सॉल्व्हंटमधल्या क्लोरोफॉर्मचं शिखर बेंझिलच्या शेजारीच. 30:1 च्या आखूड साखळीवर हे मोजलं तर निष्कर्ष 200:1 ला लागू धरता येईल का, की तिथे अल्कोहोल जास्त असल्याने पाण्याचा परिणाम झाकला जाईल?