केमोसोबत तिसरं औषध: ट्रायलसाठी बाबांची सही घेऊ का?

बाबांची_लेक:
बाबांना पित्तनलिकेचा कर्करोग आहे. यकृतात पसरलाय, ऑपरेशन होणार नाही. कावीळ झाली म्हणून स्टेंट (पित्ताची वाट मोकळी ठेवणारी नळी) घातला, बिलिरुबिन उतरलं. आता जेमसिटाबिन आणि सिसप्लॅटिन ही केमोची दोन औषधं द्यायचं ठरलंय. सोबत तिसऱ्या औषधाची ट्रायल आहे, कोणाला ते मिळणार हे संगणक ठरवणार. संमतीपत्र तीनदा वाचलं, दर वेळी ‘प्लासिबो’ (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं) या शब्दाशी अडते. म्हणजे बाबांना नुसतं सलाईन लावून बसवतील? शुक्रवारी सही करायची आहे.

आईसोबत_आठ_सायकल:
ताई, मीही त्याच शब्दाशी अडलो होतो. अशा ट्रायलमध्ये बहुतेक वेळा दोन्ही गटांना पूर्ण केमो मिळते, प्लासिबो असतो तो फक्त तिसऱ्या औषधाच्या जागी. तुमच्या कागदावर तसंच लिहिलंय ना, ते डॉक्टरांकडून वदवून घ्या.

ही जोडीसुद्धा अशाच चाचणीतून आली. २०१० मध्ये ४१० रुग्णांच्या अभ्यासात एकट्या जेमसिटाबिनवर मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) ८.१ महिने होतं, जोडीवर ११.७. पुढे ड्युरव्हालुमॅब हे प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध जोडलं तेव्हा मध्यक जेमतेम दीडेक महिन्याने वाढला. पण दोन वर्षांनी हयात असलेले साधारण चारात एक, नुसत्या केमोवर दहात एक. मी या दुसऱ्या आकड्याला धरून राहिलो.

मात्र तीन म्हणजे दोनापेक्षा चांगलं, असं धरू नका. याच जोडीत नॅब-पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं आणखी एक औषध घातल्यावर ६० रुग्णांत मध्यक १९.२ महिने दिसला, सगळे हरखले. मग ४४१ जणांत थेट तुलना झाली: १४ विरुद्ध १२.७, ठोस फरक ठरला नाही. रक्तपेशी मात्र जास्त घसरल्या. संगणकाकडून गट ठरवून घेतात ते यासाठीच.

रात्रपाळी:
गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली का? एफजीएफआर२, आयडीएच१, हर२ या जनुकांत बदल सापडला तर पुढे वेगळी औषधं असतात. आणि थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. स्टेंट तुंबलेला असू शकतो.

बाबांची_लेक:
तपासणीचं कोणी बोललंच नव्हतं. आज फोन केला, तुकडा शिल्लक आहे, पाठवतायत. दोन्ही गटांना केमो आहे, पान नऊवर स्पष्ट लिहिलंय. मधेच बाहेर पडता येतं, तेही. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “सही मी करणार, तू फक्त चष्मा दे.”