मेलपिट हवाच, पण तेवढ्यावर भागणार नाही

मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या चाचणीसाठी लॅबमध्ये मेलपिट (चाचणीच्या मेल पकडून दाखवणारं साधन) बसवावा की स्वतःचा पोस्टफिक्स (खरा मेल सर्व्हर) उभा करावा, असं एकाने विचारलंय. मी दोन्ही ठेवतो, कारण दोघांची कामं वेगळी आहेत.

मेलपिट १०२५ पोर्टवर मेल पकडतो आणि ८०२५ वर ब्राउझरमध्ये दाखवतो. टेम्प्लेट, अटॅचमेंट, देवनागरी विषय नीट दिसतो का, हे पाहायला उत्तम. पण एरवी तो येईल ते निमूट स्वीकारतो. मेल अडली तर काय होतं, हा खरा प्रश्न तसाच राहतो.

त्यासाठी पोस्टफिक्ससोबतच येणारा एसएमटीपी-सिंक, म्हणजे मेल घेणाऱ्या सर्व्हरचं सोंग करणारा छोटा प्रोग्राम, वापरून बघाच. त्याला ठरावीक कमांडवर ४०० किंवा ५०० मालिकेतली एरर द्यायला लावता येते. ४०० वाली (तात्पुरती अडचण) दिली की मेल पोस्टफिक्सच्या रांगेत थांबते. ५०० वाली (कायमचा नकार) दिली की लगेच बाउन्स, म्हणजे मेल पोचली नाही असा निरोप, परत येतो. पोस्टफिक्स अडलेली मेल मुळात ५ दिवस धरून ठेवतो, लॅबमध्ये ही मुदत काही मिनिटांवर आणा. हाताने तपासायला स्वॅक्स, हे कमांड देऊन चाचणीची मेल पाठवणारं साधन. सर्व्हरशी झालेला सगळा संवाद ओळीओळीने समोर दिसतो.

एक कळकळीची विनंती: डोमेन .टेस्ट (.test) याच चाचणीसाठी राखीव शेपटाचं घ्या आणि लॅबमधून बाहेर जाणारं २५ पोर्ट, ज्यावरून सर्व्हर एकमेकांना मेल देतात, फायरवॉलवर बंद करा. एकदा खऱ्या डेटाबेसची प्रत लॅबमध्ये होती आणि चाचणीच्या मेल थेट ग्राहकांना गेल्या. दिवसभर माफीचे फोन करत होतो.