मदत हवी आहे: कुत्र्याने मटणाची चरबी खाल्ली

मृदुला_क: काल आखाडाचं मटण होतं. काढलेली चरबी आणि उरलेला तर्रीदार रस्सा सासूबाईंनी बाल्कनीत ठेवला होता. बंडूने पातेलं चाटून लख्ख केलं. पहाटेपासून ओकतोय. चरबी चालते का कुत्र्यांना? लवकर सांगा, आमचे डॉक्टर ५ ला येतात.

पर्वतीपायथा: जात, वय, वजन? किती वेळा ओकला?

अप्पा_सदाशिवपेठ: काही होत नाही. आमच्या वाड्यातली कुत्री मटणावरच वाढली. ताकात हळद घालून पाजा.

मृदुला_क: पॉमेरेनियन, ९ वर्षं, ७ किलो. पाच-सहा वेळा झालं. आता नुसतं पिवळं पाणी पडतंय.

सोनसळी: पॉमचे केस उन्हाळ्यात भादरू नका हं, नीट परत येत नाहीत.

पर्वतीपायथा: अप्पा, ताक नको. वाड्यातल्या कुत्र्यांना तुकडा मिळायचा, पातेलं नाही. एकदम एवढी चरबी पोटात गेली की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. पचनाचे रस आतल्या आत स्वादुपिंडालाच जाळतात. आमची लॅब्रेडॉर दिवाळीत चकल्यांचा डबा फस्त करून बसली होती. दुसऱ्या दिवशी पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरायची. आम्हाला वाटलं आळस देतेय. पोट दुखत होतं तिचं. बंडू असं करतोय का? आणि रश्श्यात कांदा होता ना?

कॅम्पकर: मटण कुठून घेता? आमचा खाटीक चरबी काढूनच देतो.

अप्पा_सदाशिवपेठ: हल्लीची कुत्रीच नाजूक. उगाच घाबरवू नका त्यांना.

मृदुला_क: तस्संच करतोय सकाळपासून! कांदा वाटणात होता, भरपूर.

पर्वतीपायथा: मग ५ पर्यंत थांबू नका, आत्ता जो दवाखाना उघडा असेल तिथे न्या. घरातलं क्रोसिन वगैरे काही देऊ नका. कांद्याचं आवर्जून सांगा. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि ते काही दिवसांनी कळतं. लघवी लालसर-तपकिरी दिसतेय का, बघत राहा.

मृदुला_क: रिक्षात आहे.

मृदुला_क: सलाईन लावलंय, ओकारीचं इंजेक्शन दिलं, रक्त तपासायला घेतलं. आज रात्री तिथेच ठेवणार. सासूबाई पातेलं घासताना रडत होत्या. घरी आला की पहिले काही दिवस काय खायला घालू? ज्यांनी यातून कुत्रं बाहेर काढलंय त्यांनीच सांगा, प्लीज.