पेवातल्या हळदीचा वास मशीनमधनं परत मिळाला तर घ्याल का?

पेववाले आजोबा
परवा नातवाला घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डात गेलो, हळदीचे सौदे चालू होते आणि पोरगं नाक धरून उभं. हरिपुरात हळद साठवायची आमची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, विझला की थांबायचं. त्या तोंडातनं पहिल्यांदा वर येणारा जो वास होता ना, तो 2005 च्या पुरात पेवांबरोबर गेला. आता वाचलं की अमेरिकेत ऑस्मो म्हणून कंपनी आहे, तिनं 2024 मध्ये ताज्या प्लमचा वास एका मशीननं वाचला आणि दुसऱ्या मशीननं रसायनं मिसळून तोच काढला. उद्या पेवाचा पण निघेल की! मला तर पाहिजे. तुमचं काय?

घाटावरचा
आजोबा, लोकांनी हे आधीच करून बघितलंय. 1959 ला न्यूयॉर्कमध्ये सिनेमासाठी अरोमारामा, थिएटरच्या एसीतनं वास सोडायचे, पुढच्याच वर्षी स्मेल-ओ-व्हिजन, त्यात खुर्च्यांपर्यंत नळ्या. बाल्कनीत वास उशिरा पोचायचा, वर फुस्स आवाज. चित्र बदलतं, वास कुठं जातोय? डोळ्याला तीन रंगांत टीव्ही दाखवता येतो, नाकात वास ओळखणारे जवळजवळ 400 प्रकारचे रिसेप्टर. शास्त्रज्ञ बक आणि अ‍ॅक्सेलना 2004 चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. हळदीतलं वासाचं रसायन, ट्युमेरॉन, बाटलीत भराल हो, पण पेवातली माती, कोंडलेली हवा आणि तुमचं तेव्हाचं वय कुठनं आणणार?

मिरजेची माई
वय राहू दे हो, नाक तरी पाहिजे की नको? 2021 ला कोविडनंतर चार महिने मला काही म्हणजे काही येत नव्हतं, फोडणी करपली तरी धूर दिसल्यावर कळायचं. डॉक्टरांनी गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज दोनदा हुंगायला लावलं, मी डबी उघडून बसायची आणि घरचे हसायचे. तेव्हा कुणी असलं मशीन आणून दिलं असतं तर गहाण टाकून घेतलं असतं. ज्याचं गेलं नाही त्यालाच हे खूळ वाटतं.

घाटावरचा
माई, ते औषध झालं, त्याला माझा विरोध नाही. आजोबा आठवण विकत घ्यायला निघालेत.

नाट्यवेडा
सांगलीत बसून नाकाला विरोध?? 1843 ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटक इथंच केलं. आजसुद्धा नाटकाची तिसरी घंटा व्हायच्या आधी आत धूप फिरवतात, त्या वासानंच माणूस गप्प बसतो. ते पण तंत्रच की, फक्त स्वस्त.

बेदाणा शेड, तासगाव
मंडळी, नात्याचं कुणी काढलंच नाही. आमच्याकडं बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, सीझनला नवरा घरी आला की आधी कपडे बाहेर, मग माणूस आत 😄 उद्या व्हिडिओ कॉलवर वास येणार असेल तर मी फोनच उचलणार नाही. आणि खरं सांगू का, कंपनी पाठवणार ते शँपूचा वास, गंधकाचा नव्हे. म्हणजे माणूस पाठवलाच नाही ना.

गावभागातला
एवढा वेळ वाचत होतो. 2019 च्या पुरात आमच्या घरात आठ दिवस पाणी. उतरल्यावर गाळ, कुजलेलं धान्य, भिजलेल्या गाद्या. अजून कुठं ओली गोणी उघडली की पोटात ढवळतं, विचार करायच्या आधीच, कारण वास मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागात जवळजवळ थेट जातो. चित्र आलं तर डोळे मिटता येतात, वास आला तर श्वास किती वेळ धरणार? कुणा कंपनीच्या हातात हे बटण द्यायला मी तयार नाही, सिनेमासाठी तर अजिबात नाही. एखाद्या दिग्दर्शकानं पुराच्या सीनला गाळ सोडला तर?

पेववाले आजोबा
गावभागातल्या, तुझं पटलं. बटण आपल्या हातात पाहिजे, आणि तसला वास सोडायच्या आधी विचारलं पाहिजे. पण म्हणून माझं पेव कशाला बुजवता? पुरानं एकदा बुजवलंय.

घाटावरचा
बरं, निघालं मशीन, लावलंत नाकाला. नातू काय म्हणेल?

पेववाले आजोबा
त्याला विचारलं आत्ताच. म्हणला, यार्डात जो वास होता तो तुमच्या सदऱ्याला रोजच येतोय, मशीन कशाला. नाक धरून म्हणला, गाढव.