सागाची रोपवने तोडावीत की कार्बनसाठी राखावीत?

सागप्रेमी
चंद्रपूर-गडचिरोलीतील सागाची रोपवने यापुढे न तोडता कार्बनचा साठा म्हणून राखावीत, हे मत मला पटत नाही. वाळलेल्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन कार्बनचे असते. त्या हिशेबाने एक घनमीटर सागात साधारण ३०० किलो कार्बन, म्हणजे हवेतून घेतलेला सुमारे १.१ टन कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो आणि झाड तोडले म्हणून तो लगेच हवेत जात नाही. आमच्या घराच्या चौकटी पणजोबांनी बसवलेल्या आहेत. गेल्या वर्षी त्यांचा रंग खरवडला, तेव्हा आतून सोनेरी, तेलकट लाकूड निघाले. सागाऐवजी ॲल्युमिनियम वापरले, तर ते तयार करताना जळणारा कोळसा कोणाच्या खात्यावर मांडायचा?

वैनगंगाकाठ
चौकट टिकते हे खरे, पण अख्खे झाड चौकट होत नाही. फांद्या आणि वाकडे तुकडे जळाऊ बिटांत, म्हणजे जळणाच्या ढिगांत, रचले जातात व लवकरच चुलीत जातात. आरागिरणीत भुसा आणि फळकुटे निघतात ती वेगळीच. सरसकट तोड झालेल्या कूपाखालचा (कूप म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) ओढा पहिल्या पावसात विटकरी झालेला मी पाहिला आहे, आणि त्या मातीसोबत तिच्यातला कार्बनही वाहून जातो. शिवाय १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झाल्यावर अनेक ठिकाणी मिश्र जंगल काढून साग लावला गेला, तेव्हा हिशेब लागवडीपासून नव्हे, त्या जंगलापासून सुरू व्हायला हवा.

सागप्रेमी
मातीचा मुद्दा मान्य आहे. माझ्या हिशेबात तो नव्हता. तरीही दाट लावलेला साग विरळणीशिवाय, म्हणजे मधली काही झाडे न काढता, तसाच सोडला, तर झाडे एकमेकांच्या सावलीत काठीसारखी बारीक राहतात आणि त्यांपासून टिकाऊ माल मिळत नाही. म्हणून वेळेवर विरळणी करावी आणि अखेरची तोड ६० ऐवजी ८० वर्षांनी करावी, म्हणजे उभा साठाही वाढेल आणि जाड, दीर्घकाळ टिकणारे लाकूडही मिळेल.

वैनगंगाकाठ
विरळणीला माझा विरोध नाही. मात्र ओढ्याकाठची व उतारावरची झाडे ८० वर्षांनंतरही तोडू नयेत, आणि विरळणीत मोकळ्या झालेल्या जागी आपोआप उगवणारे ऐन, बीजा, मोह साफसफाईच्या नावाखाली छाटू नयेत. तोड वीस वर्षे पुढे गेली, तर कूपातल्या मजुरीवर ज्यांचे उन्हाळे निघतात त्या गावांना त्या काळात कोणते काम मिळेल, हेही तुमच्या प्रस्तावात यायला हवे.